मोरचुदाच्या पाण्यात यीस्ट तग कसं धरतं? स्वतः करून बघायची सविस्तर पद्धत

मामाची बार्शी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि छाटणीनंतर तिथं बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, तयार होताना मी लहानपणापासून बघत आलेय. १ टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचं निळं मीठ), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या ड्रममध्ये भिजवायचं, मग एकत्र ओतत लाकडी काठीनं ढवळायचं, आणि शेवटी मामा खिशातून चकचकीत घासलेला लोखंडी खिळा काढतो आणि त्यात बुडवतो. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, म्हणजे पाण्यात तांबं अजून मोकळं आहे आणि पानं करपणार. हा खिळा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी असंच ढवळताना मामानं विचारलं, "काय गं, हे मारल्यावर बुरशी मरती. तू म्हणती यीस्ट बी बुरशीच हाय. मग वाईनवाल्यांचं यीस्ट मरंना कसं? द्राक्षं तर आमचीच, फवारलेली."

मी सोलापुरात बीएस्सीच्या पोरांना मायक्रोबायोलॉजी शिकवते, उत्तर मला माहीत होतं, पण तिथं उभं राहून जीनची नावं सांगून काय उपयोग, म्हणून परत आल्यावर वर्गात हाच प्रश्न प्रयोग म्हणून लावला. तीन बॅच झाल्या आता. सुरुवातीला भरपूर चुका झाल्या, त्या धरूनच इथं लिहितेय, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. बेकरीचं यीस्ट, मोरचूद, बटाटे, फुगे एवढ्यात होतं सगळं.

आधी काय बघायचंय ते नीट समजून घ्या

तांबं हे यीस्टला लागतं. श्वसनाच्या साखळीतलं सायटोक्रोम ऑक्सिडेज तांब्याशिवाय चालत नाही, आणि पेशीत तयार होणारं सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक घातक रूप, झाडून काढणारं एसओडी-वन हे एन्झाइमपण तांब्यावरच चालतं. पण तेच तांबं जरा जास्त झालं की उलटतं. मोकळं तांबं हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते समोर येईल ते जाळतात, चरबी, प्रोटीन, डीएनए सगळं. शिवाय तांबं जाऊन प्रोटीनमधल्या गंधकाला चिकटतं आणि लोखंड-गंधकाचे जे नाजूक गठ्ठे काही एन्झाइममध्ये असतात ते मोडतं. म्हणून पेशी तांब्याला एक क्षणही मोकळं फिरू देत नाही. १९९९ साली यीस्टवरच हिशोब करून दाखवलेला आहे की निरोगी पेशीत मोकळा तांब्याचा आयन सरासरी एकपण नसतो! आत आलेला प्रत्येक आयन कुठल्या ना कुठल्या प्रोटीनच्या हातात असतो.

आपल्याकडं बायांना हे रसायनशास्त्र न शिकता माहीत होतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. कळकतं म्हणजे आंबटपणानं भांड्यातलं तांबं सुटून ताकात येतं. तेच कळकणं आपण आता बाटलीत मोजून मापून करणार, आणि यीस्ट त्यावर काय करतं ते बघणार.

सामान

ड्राय यीस्ट बेकरीचं सामान मिळतं तिथं मिळतं, नवीन पाकीट घ्या, उघडं पडलेलं नको. मोरचूद कृषी सेवा केंद्रातलं स्वस्त पडतं पण त्यात लोखंड वगैरे मिसळलेलं असू शकतं, म्हणून लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध कॉपर सल्फेटची छोटी बाटली घ्या, निळे खडे असलेलं. सोबत मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट. हे कशाला ते पुढं सांगते, पण विसरू नका, पहिल्या बॅचला मी विसरले होते आणि सगळं परत करावं लागलं.

बाकी बटाटे, साखर, चायना ग्रास म्हणजे अगार, २०० मिलीच्या काचेच्या एकसारख्या बाटल्या, फुगे, ०.०१ मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची सिरिंज (सुई काढून), ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, हातमोजे, चष्मा. आणि पाणी डिस्टिल्ड. बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल. नळाचं किंवा बोअरचं अजिबात नको, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातला बायकार्बोनेट तांब्याला खाली बसवतो आणि तुम्हाला वाटतं यीस्ट लई चिवट आहे, प्रत्यक्षात पाण्यात तांबं उरलेलंच नसतं. नळाच्या पाण्यात क्लोरीनपण असतो, तो वेगळाच घोळ.

मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे, डोळ्याला वाईट. स्वयंपाकाची भांडी यात वापरायची नाहीत, यातलं काही चाखायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर बाटल्यांवर मोठ्या अक्षरात लिहून वर कपाटात. शाळेतल्या मुलांनी शिक्षकांसोबतच करावं.

पायरी १: रस्सा आणि साठ्याचं द्रावण

२०० ग्रॅम बटाटे सोलून चिरून उकळा, गाळून घ्या, त्यात २० ग्रॅम साखर टाकून डिस्टिल्ड पाण्यानं १ लिटर करा. हा झाला रस्सा. बाटल्यांत भरून, तोंडाला कापूस आणि वरून फॉइल लावून कुकरमध्ये, पूर्ण प्रेशर आल्यावर १५ ते २० मिनिटं बारीक गॅसवर. रस्सा कुकरमध्ये जातो, तांबं नाही. तांबं नंतर, थंड झाल्यावर, सिरिंजनं.

साठ्याचं द्रावण: २.५ ग्रॅम मोरचूद मोजून डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि १०० मिली करा. मोरचुदाचा रेणूभार २४९.७, म्हणजे हे १०० मिलिमोलर झालं. हिशोब सोपा व्हावा म्हणून हाच आकडा धरलाय: १०० मिली रश्शात या साठ्याचं १ मिली टाकलं की १ मिलिमोलर. १ मिलिमोलर म्हणजे लिटरमागं ६३.५ मिलिग्रॅम तांबं. तुलना हवी असेल तर पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागं ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आणि मामाच्या ड्रममधला मोरचूद चुना घालायच्या आधी साधारण ४० मिलिमोलर असतो.

आता एप्सम सॉल्टचंपण असंच करा, २.४६ ग्रॅम १०० मिलीत. त्याचा रेणूभार २४६.५, योगायोगानं वजन जवळपास सारखंच येतं. यीस्ट मेलं तर ते तांब्यानं मेलं का सल्फेटनं, का नुसतं मीठ वाढल्यानं, हे कोणीतरी विचारणारच, आणि त्याचं उत्तर ही बाटली देते. मॅग्नेशियमवाल्या बाटल्या मस्त फुगतात, म्हणजे सल्फेटचा दोष नाही.

पायरी २: यीस्ट जागं करा, पण मोजून

आदल्या रात्री १०० मिली रश्शात ०.१ ग्रॅम ड्राय यीस्ट टाका आणि ३० अंशाच्या आसपास ठेवा. सकाळी गढूळ झालेलं असतं. हे तुमचं मूळ कल्चर.

पोरं दर वेळी इथं चुकतात, उत्साहात चमचाभर यीस्ट ओततात. तसं करू नका, कारण यीस्टची भिंत स्वतःच तांबं धरून ठेवते, मेलेली पेशीपण धरते. पेशी दाट असल्या की तांबं वाटलं जातं आणि प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतं. म्हणून प्रत्येक बाटलीत पेशी सारख्या हव्यात, नाहीतर तुम्ही डोस बदलताय का पेशी बदलताय तेच कळत नाही. कॉलेजात कलरीमीटर असेल तर ६०० नॅनोमीटरच्या जवळचा फिल्टर लावून गढूळपणा मोजा. नसेल तर बाटलीमागं वर्तमानपत्र धरा आणि बातमीचा बारीक मजकूर वाचता येतोय का बघा. मी कल्चर नेहमी ताज्या रश्शात इतकं पातळ करते की बारीक मजकूर पुसट का होईना वाचता आला पाहिजे. ढोबळ पद्धत आहे पण सगळ्या बाटल्यांना एकाच कागदासमोर धरलं तर चालून जाते.

सोलापूरकरांसाठी खास, हा प्रयोग एप्रिल-मेमध्ये करू नका. खोलीचं तापमान ३८-४० झालं की यीस्टला उष्णतेचाच ताण बसतो आणि मग एचएसएफ-वन नावाचं प्रोटीन कामाला लागतं, आणि खरी गंमत म्हणजे तांब्यापासून वाचवणारा जो जीन आपल्याला बघायचाय, कप-वन, तो एचएसएफ-वनपण चालू करतं. म्हणजे तांबं न घालताच पेशी अर्धी तयार होऊन बसते. पहिल्या बॅचला आमचं असंच झालं असावं, एप्रिलचा शेवट होता, सगळ्या बाटल्या सारख्याच वागल्या आणि आम्ही दोन दिवस मोरचुदाच्या बाटलीवर संशय घेत बसलो. डिसेंबर-जानेवारीत करा, रात्री गार पडलं तर थर्माकोलच्या खोक्यात कोमट पाण्याची बाटली ठेवा.

पायरी ३: कडा शोधा

आता पातळ केलेलं कल्चर १००-१०० मिली सात बाटल्यांत घाला. एकीत काही नाही, एकीत मॅग्नेशियम सर्वात मोठ्या डोसाएवढं, बाकी पाचात तांबं ०.२, ०.५, १, २ आणि ५ मिलिमोलर. म्हणजे साठ्याचं ०.२ मिली, ०.५ मिली, १, २, ५ मिली. आकारमान सारखं राहावं म्हणून कमी डोसच्या बाटल्यांत फरकाएवढं डिस्टिल्ड पाणी टाकायचं. तोंडाला फुगे. बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवू नका कधीच, आत गॅस तयार होतो, काच फुटते.

दर दोन तासांनी फुगा बघा, वही करा. कोणती बाटली किती वाजता पहिल्यांदा उभी राहिली एवढं जरी लिहिलं तरी पुरे.

तुम्हाला हवी ती बाटली शोधायची: जी मेलेली नाही, पण बिनतांब्याच्या बाटलीपेक्षा बऱ्याच तासांनी उशिरा उठते. हीच तुमची कडा. आकडा माझ्याकडून घेऊ नका, कारण तो पाकिटागणिक आणि बटाट्यागणिक बदलतो, बटाट्यातली प्रोटीनं तांबं बांधून ठेवतात, रस्सा दाट तर कडा वर सरकते. आपली आपण काढायची.

ती बाटली उशिरा का उठते

या उशिरातच सगळी गोष्ट आहे म्हणून इथं जरा थांबते.

पेशीच्या बाहेर तांबं दोन-धन रूपात असतं. भिंतीजवळची एफआरई-वन वगैरे एन्झाइम त्याला एक-धन करतात आणि सीटीआर-वन नावाच्या दारातून ते आत येतं. हे दार किती ठेवायचं ते मॅक-वन नावाचं प्रोटीन ठरवतं, ते केंद्रकात बसलेलं असतं. तांबं कमी असलं की ते जीन चालू करून जास्त दारं बनवायला लावतं, आणि तांबं वाढलं की तांबं त्याच्याच अंगाला चिकटतं आणि ते गप्प होतं. त्याचवेळी बाहेरच्या पडद्यावरची सीटीआर-वनची दारं आत ओढली जातात आणि मोडीत काढली जातात. आधी दार बंद.

पण तोवर आत आलेल्याचं काय? तिथं दुसरं प्रोटीन आहे, एस-वन. माझं सगळ्यात आवडतं. एकटं असताना ते अर्धवट सैल असतं, डीएनएला नीट धरता येत नाही त्याला. आत तांबं वाढलं की चार तांब्याचे आयन त्याच्या सिस्टीन नावाच्या गंधकवाल्या अमिनो आम्लांमध्ये जाऊन बसतात, त्यांचा एक गठ्ठा तयार होतो आणि त्या गठ्ठ्यामुळं प्रोटीनची घडी बसते. घडी बसली की ते डीएनएवर नेमक्या जागी बसतं आणि कप-वन चालू. इथं मध्ये कोणी निरोप्या नाही, साखळी नाही. ज्या तांब्यानं त्रास होतोय तेच तांबं कुलपात किल्ली होऊन फिरतं. वर्गात हे सांगितल्यावर एक पोरगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, चोरच बेल वाजवतोय की ओ!" तेव्हापासून मी तसंच शिकवते.

कप-वनपासून मेटॅलोथायोनिन बनतं. इवलंसं प्रोटीन, पेशीत तयार झालेलं रूप ५३ अमिनो आम्लांचं, आणि त्यातली १२ सिस्टीन. एक रेणू सात-आठ तांब्याचे आयन गंधकाच्या हातात घट्ट धरून ठेवतो. अशी प्रोटीनं माणसातही असतात, पहिल्यांदा ती घोड्याच्या मूत्रपिंडात सापडली, १९५७ साली. एस-वन सोबत एसओडी-वनपण चालू करतं, म्हणजे एका बाजूनं तांबं बांधा आणि दुसऱ्या बाजूनं झालेली आग विझवा.

हे जीन चालू व्हायला काही मिनिटं लागतात, पण पुरेसं प्रोटीन साठायला वेळ जातो, आणि तोवर पेशी वाढ थांबवते. एमएसएन-टू आणि एमएसएन-फोर अशी दोन प्रोटीनं कुठल्याही ताणात केंद्रकात जातात आणि शेकडो जीन एकदम हलतात, बचावाचे वर, रायबोसोम (प्रोटीन बनवणारी यंत्रं) बनवणारे खाली. दुष्काळी सालात घरात लग्न काढत नाहीत तसं. तुमच्या वहीत जे रिकामे तास आहेत ना, फुगा पडलेला आहे म्हणून तुम्ही कंटाळताय ते, त्या तासांत हे सगळं चाललेलं असतं.

पायरी ४: आधी थोडं, मग जास्त

हाच खरा प्रयोग, बाकी सगळी तयारी होती. पेशीला खरंच "कळतं" का, हे यातूनच दिसतं.

ताजं पातळ कल्चर घ्या, दोन तास ३० अंशाला वाढू द्या. मग तीन बाटल्या, प्रत्येकी १०० मिली.

अ मध्ये कडेच्या डोसाचा विसावा हिस्सा तांबं. तुमची कडा २ मिलिमोलर आली असेल तर ०.१ मिलिमोलर, म्हणजे साठ्याचं ०.१ मिली. ही दोन तास ३० अंशाला.

ब मध्ये तेवढंच डिस्टिल्ड पाणी. हीपण दोन तास ३० अंशाला.

क मध्ये अ एवढंच तांबं, पण बाटली आधी बर्फाच्या पाण्यात नीट गार करून मग तांबं टाकायचं, आणि दोन तास बर्फातच ठेवायची.

दोन तासांनी तिन्हींचा गढूळपणा बघा. ब आणि अ वाढलेल्या असतील आणि क तिथंच असेल, तर अ आणि ब ला तोच ताजा रस्सा घालून क एवढं पातळ करा आणि प्रत्येकीचं १०० मिली ठेवा. हे चुकवलं तर पुढचं सगळं वाया. मग तिन्हींत कडेएवढं तांबं टाका, फुगे लावा, तिन्ही ३० अंशाला, आणि क बर्फातून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आम्ही संध्याकाळी सहाला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडली तर अ चा फुगा ताठ उभा, ब चा अजून बाटलीच्या मानेवर लोळत पडलेला, आणि क चा ब सारखाच. पोरांनी आरडाओरडा केला, शेजारच्या वर्गातून लोक बघायला आले. अ च्या पेशींना आदल्या दिवशी थोडंसं तांबं दिसलेलं, त्यांनी मेटॅलोथायोनिन आधीच साठवून ठेवलेलं, म्हणून मोठा डोस आला तेव्हा त्यांचा वेळ गेला नाही.

क कशाला ते बघा. कोणी म्हणेल अ मध्ये दुबळ्या पेशी आधीच मेल्या आणि चिवट उरल्या, म्हणून ती जिंकली. तसं असतं तर क पण थोडी तरी पुढं हवी होती, तांबं तर तिलापण तेवढंच मिळालं. पण बर्फात प्रोटीन बनत नाही, त्यामुळं तयारी झाली नाही. शिवाय दोन तासांत यीस्ट जेमतेम एकदा दुप्पट होतं, चांगल्या रश्शात ३० अंशाला दीड तास लागतो एका दुपटीला, तेवढ्यात निवड व्हायला वेळच नाही.

पायरी ५: प्लेटवर

हे ज्यांना जमेल त्यांनी करा. रश्शात लिटरमागं १५ ते २० ग्रॅम अगार टाकून कुकरमधून काढायचं, हाताला सोसेल इतकं गार झालं की तांबं मिसळून पेट्री डिशमध्ये ओतायचं. अ, ब, क प्रत्येकी दहा-दहा पटीनं चार वेळा पातळ करा, आणि सिरिंजनं ०.०१ मिलीचे थेंब ओळीनं ठेवा. दोन-तीन दिवसांत कुठपर्यंतच्या थेंबात वसाहती आल्या ते दिसतं.

रंगाकडं नीट बघा. बिनतांब्याच्या प्लेटवर यीस्ट साईसारखं पांढरं. तांब्याच्या प्लेटवर काही वसाहती बदामी, काही थेट चहाच्या रंगाच्या होतात. यीस्ट गंधकापासून अमिनो आम्लं बनवताना थोडा हायड्रोजन सल्फाइड सोडतं, तो तांब्याला भेटला की तपकिरी-काळं कॉपर सल्फाइड तयार होतं आणि वसाहतीतच बसतं. हापण तांबं अडकवायचा एक मार्ग झाला. सगळ्या पाकिटांच्या यीस्टमध्ये सारखं दिसत नाही हे.

मायक्रोस्कोप असेल तर मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून ४०० पटीवर बघा, मेलेल्या पेशी निळ्या, जिवंत बिनरंगी राहतात कारण त्या रंग मोडून टाकतात. कडेच्या बाटलीत पेशी उठायच्या आधी हे बघितलं तर कळतं की बहुतेक जिवंतच आहेत, नुसत्या थांबल्यात.

पायरी ६: मामाच्या प्रश्नाचं उत्तर

अ बाटलीतलं थोडं यीस्ट घेऊन बिनतांब्याच्या रश्शात रोज नव्या बाटलीत हलवत राहा, चार-पाच दिवस. मग परत कडेचा डोस. आता ती तयारी गेलेली असते. मेटॅलोथायोनिन दर पिढीला निम्मं-निम्मं वाटलं जातं, जीन बंद असतो, संपतं. म्हणजे हा प्रतिसाद उसना होता.

पण उलट करा, तांब्याच्याच रश्शात रोज हलवत राहा, डोस हळूहळू वाढवत, काही आठवडे. तिथं वेगळी गोष्ट घडू शकते. कप-वन हा जीन आठव्या गुणसूत्रावर एकापुढं एक प्रतींच्या रांगेत असतो, लॅबमधल्या नेहमीच्या वाणात साधारण दहा-बारा प्रती, आणि पेशी विभागताना ही रांग लांब-आखूड होत राहते. तांबं असेल तर लांब रांगवाल्यांचा फायदा. ही कमाई तांबं काढल्यावर लगेच जात नाही.

बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमाराला वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पुढं आणलं, तेव्हापासून द्राक्षबागांत तांबं पडतंय, आणि वाईनच्या बऱ्याच यीस्ट वाणांत कप-वनच्या प्रती जास्त सापडतात. मामाला फोनवर एवढंच सांगितलं, की त्या यीस्टच्या पिढ्यान्पिढ्या तुझ्यासारख्यांच्या बागेजवळ गेल्यात. मामा म्हणाला, "मग करपा बी असंच शिकत आसंल की." तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे, पण तांबं बुरशीत एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव घालतं की त्याला पूर्ण पचवणं अवघड जातं, म्हणून एवढ्या वर्षांनीही बोर्डो चालतंय.

कॅडमियम, आर्सेनिक: वाचा, आणू नका

दर वर्षी कोणीतरी विचारतं, मॅडम कॅडमियम घेऊन बघू का, किंवा डाईंगचं सांडपाणी बाटलीत भरून आणू का. दोन्ही नको. कॅडमियम आणि आर्सेनिक कॅन्सर करणारे आहेत, आणि सांडपाण्यात दहा गोष्टी एकत्र असतात, यीस्ट मेलं तर कशानं मेलं ते सांगताच येत नाही.

पण त्यांची यंत्रणा वाचण्यासारखी आहे. कॅडमियमसाठी यीस्ट मुख्यतः ग्लुटाथायोन वापरतं, गंधक असलेला तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू. दोन ग्लुटाथायोन मिळून एक कॅडमियम धरतात आणि वायसीएफ-वन नावाचा पंप ते व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत टाकतो, पेवात धान्य टाकून तोंड लिंपावं तसं. एवढं ग्लुटाथायोन बनवायला गंधक लागतं, म्हणून एरवी दाबून ठेवलेलं मेट-फोर नावाचं जीन चालू करणारं प्रोटीन मोकळं केलं जातं आणि गंधकाचा सगळा कारखाना जोरात चालू होतो. आणि मला हे वाचून खरंच भरून आलं होतं: पेशी आपली काही गंधकवाली मोठी एन्झाइम बंद करून त्यांच्या जागी तेच काम करणारी, पण कमी गंधक लागणारी भावंडं वापरायला लागते. घरातलं सोनं वाचवून औषधाला लावल्यासारखं. सोबत याप-वन हे तसलंच प्रोटीन केंद्रकात थांबून राहतं आणि ऑक्सिडेशनविरुद्धचे जीन चालू ठेवतं.

आर्सेनिकचं अजून वेगळं. आर्सेनाइट ग्लिसरॉलच्या वाटेनं, एफपीएस-वन नावाच्या दारातून घुसतं, तर हॉग-वन हे प्रोटीन ती वाट आवळतं, याप-एट हे दुसरं प्रोटीन थेट आर्सेनाइटला ओळखतं आणि एसीआर-थ्री पंप बनवून त्याला बाहेर फेकतं. यीस्टकडं धातूगणिक वेगळी बेल आहे, एकच भोंगा नाही.

पायरी ७: सांडायचं कसं

हे टाळू नका, यावर मी मार्क कापते. तांब्याचं पाणी तसंच मोरीत, विहिरीत, कुंडीत ओतायचं नाही, मासे आणि शेवाळ त्यानं मरतात.

सगळ्या बाटल्यांतलं एका प्लॅस्टिकच्या बादलीत गोळा करा. कपडे धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा ओता, फसफसतं थोडं, मग निळसर हिरवा गाळ धरायला लागतो. रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर निवळी, खाली गाळ, यीस्टच्या पेशीपण त्यातच बसलेल्या असतात. जुन्या सुती कापडातून गाळा, गाळ कापडासकट वाळवून प्लॅस्टिकच्या डब्यात भरा, नाव-तारीख लिहा आणि कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. तांब्याच्या प्लेटा अगारसकट त्याच डब्यात.

निवळी ओतायच्या आधी लोखंडी खिळा पॉलिश पेपरनं चकचकीत घासा आणि पाच मिनिटं तिच्यात बुडवून ठेवा. तांबूस झाला तर अजून सोडा टाका आणि परत रात्रभर ठेवा. पांढराच निघाला तर भरपूर पाण्यासोबत सोडून द्या. आणि खिळा पुसून डब्यात ठेवा, पुढच्या बॅचला लागतो.